येसकरकी संपली, मग हा निरोप कोणाचा वाहताय?

सोनिवलीत आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणारी पाच-सात मुले आहेत. त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करतो आणि संध्याकाळी पार्सल पोचवण्याचे काम करतो. परवा त्याचा मोबाईल टेबलावर पालथा पडलेला होता. कोणी हात लावत नव्हते, तरी तव्यासारखा तापला होता. मी विचारले, "हे काय चालू आहे रे?"

"काही नाही दादा, ॲप आहे. आपलं उरलेलं नेट ते वापरतात आणि आपल्याला डॉलरमध्ये पैसे देतात. आपल्याला काहीच करायला लागत नाही."

"कोण वापरतं?"

"कंपन्या. मार्केट रिसर्चला."

"कोणत्या कंपन्या?"

तो हसला. "ते कुठे सांगतात?"

मित्रहो, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. आपल्या घरातून, आपल्या नावाच्या जोडणीवरून, आपल्या विजेवर रात्रंदिवस कोणीतरी कोणाचे तरी काम करून घेतो आहे आणि आपल्याला विचारले तर उत्तर काय, "ते कुठे सांगतात?" तीन महिन्यांत त्या मुलाच्या खात्यावर दोन डॉलर आणि वर काही सेंट जमले होते. पाच डॉलर झाल्याशिवाय काढता येत नाहीत. मी त्याच्याकडून त्या ॲपच्या अटी मागून घेतल्या आणि वाचल्या. सगळ्या इंग्रजीत. त्यात 'विश्वासू भागीदार' हा शब्द जागोजागी होता, एकाही भागीदाराचे नाव नव्हते.

आधी हे प्रकरण काय आहे ते साध्या शब्दांत समजून घेऊ. कारण आपल्यातले बरेच कार्यकर्ते अशा विषयाला 'टेक्निकल' म्हणून बाजूला सारतात, आणि जे आपण बाजूला सारतो ते दुसरा कोणीतरी आपल्यासाठी ठरवून टाकतो.

कॉलेजात 'प्रॉक्सी मारणे' म्हणजे काय ते सर्वांना माहीत आहे. गैरहजर असलेल्याच्या नावाने दुसऱ्याने हजेरी लावायची. इंटरनेटवरची प्रॉक्सी तशीच. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. त्यावरून समोरच्या संकेतस्थळाला कळते की विचारणारा कोणत्या देशातला, साधारण कोणत्या शहरातला, आणि तो एखाद्या कंपनीच्या मोठ्या सर्व्हर केंद्रातून बोलतो आहे की एखाद्या घरातून. खरेदीची संकेतस्थळे सर्व्हर केंद्रातून आलेल्या यंत्रांना पुष्कळदा दारातूनच परत पाठवतात. घरातून आलेल्याला मात्र ग्राहक समजून आत घेतात. आता समजा लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या कंपनीला भारताच्या बाजाराचा अभ्यास करायचा आहे. इथे बुटाची किंमत काय दिसते, कोणती जाहिरात दिसते, प्रतिस्पर्ध्याने किती सूट दिली आहे. तिथून विचारले तर तिथल्या माणसाला दाखवायचा भाव दिसेल. म्हणून तिला भारतातल्या एखाद्या घराचा पत्ता हवा. तो विकणारे दलाल जगभर आहेत. ग्राहक यादीतून देश निवडतो, शहर निवडतो आणि त्याची विचारणा तिथल्या कोणाच्या तरी मोबाईलमधून किंवा राउटरमधून बाहेर पडते. याला रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात, म्हणजे घरगुती पत्त्याची प्रॉक्सी. हजेरी आपल्या घराची लागते, प्रश्न परक्याचा असतो.

आता यातली थट्टा बघा. आपल्या पत्त्याला या देशात काय किंमत होती? पत्ता सांगितला की जात कळायची. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा अशी वस्त्यांची नावे सरकारी कागदावर चालत राहिली आणि ती बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत हा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाला थेट डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी! आजही खोली भाड्याने मागताना वस्तीचे नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो. कर्ज देणाऱ्यांच्या यादीत 'निगेटिव्ह एरिया' नावाचा रकाना असतो आणि त्यात कोणत्या वस्त्या येतात ते सांगायला नको. बीएसयूपीच्या इमारतीत, चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाच्या पत्त्यावर कोणी उधार देत नाही. पण त्याच घराचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता मात्र परदेशी बाजारात 'अस्सल भारतीय घर' म्हणून विकला जातो. पत्ता तोच. फरक इतकाच की तिथे आपण मागणारे होतो म्हणून तो वाईट होता, इथे विकणारा दुसरा आहे म्हणून तो चांगला झाला.

आणि भाव? अशा एका कंपनीचा उघड जाहीर केलेला दर सांगतो. ज्याच्या घरातून वाहतूक होते त्याला एका जीबीमागे दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. ज्याला विकली जाते त्याच्याकडून एका जीबीमागे एक डॉलर. घर आपले, बिल आपले, वीज आपली, मोबाईल आपला, आणि रुपयातले दहा पैसे आपले. उरलेले नव्वद पैसे मध्ये उभा असलेला घेतो. पाच डॉलरची मर्यादा गाठायला या दराने पन्नास जीबी परक्यांची वाहतूक आपल्या घरातून जावी लागते.

मला हे सगळे ऐकताना माझ्या आजोबांच्या तोंडचा एक शब्द आठवला. येसकर.

नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल तर चांगलेच आहे, पण विसरण्यासारखा नाही. गावच्या वेशीवर उभा राहणारा महार तो येसकर. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे वाट दाखवत चालायचे, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोचवायचे, टपाल वाहायचे, मेलेल्याची वर्दी गावोगाव द्यायची. वेळेचा हिशेब नाही. मध्यरात्री हाक आली तरी काठी उचलून निघायचे. घरातला कर्ता माणूस नसेल तर त्याचा बाप, भाऊ, मुलगा जो सापडेल तो. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकर. निरोपात काय आहे हे विचारायचा अधिकार नाही, पण निरोप वाईट निघाला तर शिव्या आणि काठी निरोप्याच्या पाठीवर. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याचसाठी. वतनाला आपली माणसे मान समजत होती आणि बाबासाहेब त्यांना सांगत होते की हा मान नाही, ही बेडी आहे. भाकरीच्या तुकड्यासाठी अख्खे घर चोवीस तास दुसऱ्याच्या हाकेला बांधून ठेवणारी बेडी. ते विधेयक तेव्हा तडीला गेले नाही. वतने कायद्याने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

आता टेबलावर पालथा पडलेला तो तापलेला मोबाईल बघा. चोवीस तास चालू. हाक येईल तेव्हा निघायचे. निरोप कोणाचा ते विचारायचे नाही. मोबदला तुकड्याचा. आणि निरोप वाईट निघाला तर? तेच पुढे बघू. ही डिजिटल येसकरकी नाही तर काय आहे?

मला कल्पना आहे, लगेच तीन आक्षेप येतील. तिन्ही आपल्याच माणसांकडून ऐकले आहेत, म्हणून तिन्हींना उत्तर देतो.

पहिला आक्षेप: "येसकराला सक्ती होती. इथे मुलगा स्वतःच्या मर्जीने ॲप टाकतो. नको असेल तर काढून टाकेल."

खरे आहे. वतन सोडता येत नव्हते, ॲप काढता येते. हा फरक मी नाकारत नाही. पण 'मर्जी' या शब्दावर बाबासाहेबांनी आपल्याला काय शिकवले आहे? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी बेकार माणसाचा दाखला दिला आहे. भुकेल्यापुढे कशाही पगाराची, कितीही तासांची नोकरी ठेवली आणि बदल्यात त्याचे हक्क मागितले, तर तो हक्क सोडून नोकरी घेणार यात शंका कसली? म्हणून त्या निवडीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. ज्याला महिन्याला शंभर रुपयांनी काही फरक पडत नाही, तो असले ॲप टाकेल का? मलबार हिलवरच्या घरात कोणी आपले वायफाय आठ रुपयांना विकत नाही. इथे टाकतो कोण, तर ज्याला भरतीच्या फॉर्मचे पैसे जमवायचे आहेत तो.

आणि मर्जी तरी पूर्ण आहे का? ज्या गोष्टीला हो म्हणायचे ती समजली तरच त्या 'हो'ला अर्थ. मे २०१५ मध्ये जगाला कळले की 'होला' नावाचे मोफत व्हीपीएन वापरणाऱ्या लाखो लोकांच्या जोडण्या तीच कंपनी 'ल्युमिनाटी' या नावाने दुसऱ्यांना विकत होती. वापरणाऱ्यांना वाटत होते आपण फुकट चित्रपट बघतोय. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस५' नावाचे जाळे उद्ध्वस्त केल्याचे जाहीर केले. मोफत व्हीपीएनच्या आडून जवळपास २०० देशांतले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यांनी भाड्याने लावले होते आणि ते पत्ते घेणाऱ्यांनी कोविडच्या काळातल्या बेरोजगार भत्त्यावर अब्जावधी डॉलरचे खोटे दावे केले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की स्वस्तातले अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणि तशीच घरगुती उपकरणे विकत घेतानाच किंवा सुरू करतानाच बाधित निघत आहेत आणि लाखो घरांच्या जोडण्या अशाच प्रॉक्सीच्या धंद्यात ओढल्या जात आहेत. तिथे तर कोणी 'हो'सुद्धा म्हटले नव्हते. म्हणजे मर्जीपासून फसवणुकीपर्यंत एकच रस्ता आहे आणि मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत.

दुसरा आक्षेप जरा शिकलेल्यांचा: "अहो, संकेतस्थळावरचा भाव ही सार्वजनिक माहिती आहे. कोणीही बघावी. त्यात चोरी कसली?"

सार्वजनिक या शब्दाचे मोल आपल्याइतके कोणाला माहीत असणार? १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. तरी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ३ मे १९२७ रोजी, ते आपल्या या बदलापुरात शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. ही आठवण इथल्या माणसांनी जपायला हवी, कारण त्या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. बाबासाहेब उघडपणे आले. स्वतःच्या नावाने आले. तळ्यावर सवर्णाचा वेष घेऊन, दुसऱ्याच्या घरातून लपून जाऊन पाणी प्यायला कोणी गेले नाही. मग सार्वजनिक माहितीवर खरेच हक्क असेल, तर या श्रीमंत कंपन्यांना तो हक्क आमच्या पोराच्या मोबाईलमागे लपून का बजावावा लागतो? संकेतस्थळवाल्याकडे जा, सांगा आम्ही अमुक कंपनी, आम्हाला भाव बघायचे आहेत. तो नाही म्हणाला तर न्यायालयात जा, जनमतात जा. मेटा कंपनीने अमेरिकेत ब्राइट डेटा या प्रॉक्सी कंपनीवर खटला भरला, तेव्हा लॉग-इन न करता दिसणारी माहिती गोळा करण्याच्या मुद्द्यावर जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ब्राइट डेटाच्या बाजूने निकाल दिला. ठीक आहे. दोन कोट्यधीशांचे भांडण न्यायालयात मिटले. पण त्या भांडणात घरांचे मालक पक्षकार नव्हते. ज्यांच्या दारातून ही ये-जा होते त्यांना कोणी विचारले नाही.

हेही मान्य करतो की सगळेच ग्राहक चोर नसतात. भाव खरेच तपासणारे, खोट्या जाहिराती पकडणारे, अभ्यास करणारे लोकही ही सेवा घेतात. पण एकाच दारातून संशोधकही जातो आणि लुटारूही जातो आणि दार उघडणाऱ्याला दोघांतला फरक कधीच सांगितला जात नाही. 'मार्केट रिसर्च' हे त्या दारावरचे तोरण आहे. आत कोण जातो ते तोरणावरून कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: "यात जात कुठून आणता? इंटरनेटला जात नसते."

इंटरनेटला नसेल. पोलीस चौकीला असते. सायबर गुन्ह्याचा तपास सुरू होतो तो आयपी पत्त्यापासून. पोलीस इंटरनेट कंपनीला विचारतात, अमुक दिवशी अमुक वाजता हा पत्ता कोणाकडे होता? उत्तर येते ते आपल्या आईच्या नावाचे, कारण जोडणी तिच्या आधारकार्डावर घेतलेली. लंडनच्या ग्राहकाचे नाव तिथे येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितल्या, तर अनेक मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारताबाहेर नेले. मोठ्याला उठून जाता येते. सोनिवलीतल्या बाईला आपले घर उचलून सिंगापूरला नेता येत नाही. आणि चौकशीला गेलेल्या माणसाची वस्ती, आडनाव आणि भिंतीवरचा निळा फोटो बघून त्याच्याशी बोलण्याचा सूर ठरतो, हे ज्याला माहीत नाही त्याने हा लेख इथेच सोडावा. २०११ च्या जनगणनेत देशात १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जाती तुरुंगांत मात्र सुमारे पाचव्या हिश्शाने आहेत. तुमचा निरोप वाईट निघाला, तर काठी कोणाच्या पाठीवर पडणार हे या आकड्यातच लिहिले आहे.

चळवळीतल्या माणसाने तर दुप्पट जपले पाहिजे. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसखोरी करून कागदपत्रे पेरली गेली, असे आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेच्या अहवालात फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले गेले. तो प्रकार वेगळा, हा वेगळा. पण धडा एकच. आपल्या यंत्रातून काय आत आले आणि काय बाहेर गेले याचा हिशेब आपल्याकडे नसेल, तर तो हिशेब दुसरा कोणीतरी आपल्यासाठी लिहितो.

शिवाय हा त्रास एका घरापुरता राहत नाही. छोट्या केबलवाल्यांकडे पुष्कळदा एकाच बाहेरच्या आयपी पत्त्यामागे अनेक घरे असतात. त्यातल्या एका मोबाईलमधून परक्यांचा भडिमार झाला की संकेतस्थळे त्या पत्त्यावर संशय घेतात. मग त्या इमारतीतल्या कोणत्याही मुलीने परीक्षेचा फॉर्म उघडला की पडद्यावर चौकोन येतात. यातले सिग्नल ओळखा, यातल्या बस ओळखा, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. ज्यांच्या आज्या-पणज्यांचे आयुष्य आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यात गेले, त्यांच्या नातीला आता यंत्रापुढे तेच सिद्ध करायला लावले जाते, आणि तेही शेजारच्या पोराने दोन डॉलरसाठी घेतलेल्या पाहुण्यामुळे!

जात आणखी एका जागी आहे आणि ती कोणालाच दिसत नाही. हे सारे ज्याच्या नावाने चालते ते मार्केट रिसर्च आपल्याबद्दल काय विचारते? भारतातले मार्केट रिसर्चवाले २०११ पासून घरांची वर्गवारी दोन गोष्टींवर करत आले आहेत. कुटुंबातला मुख्य कमावता किती शिकला आणि अकरा वस्तूंपैकी किती वस्तू घरात आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज, मोटार वगैरे. त्यातून ए-वनपासून ई-थ्रीपर्यंत बारा पायऱ्या. पायऱ्यांची या देशाला सवयच आहे! पण त्या घराला फ्रिज घ्यायला कर्ज का मिळाले नाही, खोली का नाकारली, हा प्रश्न त्या वर्गवारीत नाही. म्हणजे आपले घर ही त्यांची खिडकी. खिडकीतून ते बाहेरचा बाजार बघतात. खिडकीच्या आत कोण राहते हे बघायची त्यांना गरज वाटत नाही.

हा प्रश्न विचारता येत नाही असे मात्र नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावापेक्षा कमी निघाली. २००७ मध्ये तो अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रोपब्लिका या संस्थेच्या पत्रकारांनी पिनकोड बदलून बदलून एका ऑनलाइन शिकवणीचे दर तपासले, तेव्हा आशियाई वंशाच्या लोकांना जास्त दर दाखवला जाण्याची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. २०१६ मध्ये ब्लूमबर्गने नकाशे मांडून दाखवले की ॲमेझॉनची त्याच दिवशी घरपोच देण्याची सेवा बॉस्टन शहरभर आहे, मधली रॉक्सबरी ही कृष्णवर्णीयांची वस्ती मात्र वगळलेली. बोभाटा झाल्यावर कंपनीने रॉक्सबरीला सेवा जाहीर केली. हे खरे बाजार-संशोधन. पत्ता हे हत्यार आहे. प्रश्न एवढाच की मूठ कोणाच्या हातात आहे.

आता कायद्याकडे येऊ. 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण' कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीबद्दलच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात एक कलम आपल्या कामाचे आहे. संमती मागताना ती सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीत. पण या कायद्यात एक मोठी फट राहते. हा कायदा आपल्या माहितीचे रक्षण करतो. इथे मात्र आपली माहिती घेतली जाते त्याहून जास्त आपले दार घेतले जाते. येसकराकडून पाटील त्याची माहिती घेत नव्हता, त्याचे पाय घेत होता. म्हणून या प्रश्नाकडे केवळ खासगीपणाचा प्रश्न म्हणून बघून भागणार नाही. हा श्रमाचा आणि जबाबदारीचा प्रश्न आहे. संविधानाच्या कलम २३ ने वेठ बंद केली. सक्ती नसलेल्या या प्रकाराला ते कलम थेट लागू होईल असा माझा दावा नाही. पण त्या कलमामागचा विचार, की गरजू माणसाचे घरदार कवडीमोलाने दुसऱ्याच्या कामाला बांधता येणार नाही, तो इथे पुरेपूर लागू आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. जी कंपनी भारतातल्या घरांची जोडणी भाड्याने लावते, तिचे भारतात नोंदलेले कार्यालय असले पाहिजे. अटी मराठीत, मोठ्या अक्षरात, ॲप सुरू होण्याआधी दिसल्या पाहिजेत. आज माझ्या घरातून कोणाचे काम गेले, कोणत्या संकेतस्थळावर गेले, याची रोजची यादी मला मिळाली पाहिजे आणि नको ते काम नाकारता आले पाहिजे. त्या वाहतुकीतून गुन्हा घडला तर पहिली नोटीस कंपनीला गेली पाहिजे, घराला नाही. आणि दहा पैसे-नव्वद पैसे ही वाटणी कोणत्या हिशेबाने झाली ते उघड झाले पाहिजे. 'एवढ्या अटी घातल्या तर हा धंदाच बंद पडेल' असे कोणी म्हणेल. वतनाबद्दलही हेच म्हणत होते, की महाराने काठी टाकली तर गावगाडा बंद पडेल. महाराने काठी टाकली. गावे चालू आहेत.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या हातात आज जे आहे ते आज करू. येत्या रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत मोबाईल घेऊन बसायचे ठरले आहे. 'नुसते चालू ठेवा, पैसे मिळवा' असे सांगणारे प्रत्येक ॲप काढायचे. कोणी बनवले ते माहीत नसलेले मोफत व्हीपीएन काढायचे. घरात स्वस्तातला टीव्ही बॉक्स असेल तर तो वायफायवरून तोडायचा. आणि ज्याला पैशांची गरज आहे त्याला नुसते 'काढ' म्हणून घरी पाठवायचे नाही. भरतीच्या फॉर्मचे पैसे समाजाने उभे करायचे. आपण एका पोराला दोन डॉलर देऊ शकत नसू, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्यानंतर दुसरे काम. आपला बाजार आपण तपासू. ४२१५०३ हा आपला पिनकोड. तो टाकल्यावर कोणती वस्तू 'या भागात पोचत नाही' म्हणून सांगितले जाते, कोणते कर्ज नाकारले जाते, एकाच खोलीसाठी दोन वेगळ्या आडनावांनी फोन केला तर काय उत्तर येते, हे दहा मुलांनी वहीत लिहून काढावे. विचारणारा कोण, कशासाठी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि निघेल ते छापावे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेब उभे राहिले ते आकडे घेऊन आणि स्वतःच्या नावाने. आपल्याला वेगळा मार्ग शोधायची गरज नाही.

तो मुलगा परवा जाताना म्हणाला, "दादा, ॲप काढलं. पण दोन डॉलर तिथेच राहिले."

राहू देत. आजोबांनी वेशीवर काठी टाकली तेव्हा त्यांचीही त्या वर्षीची भाकर गावाकडे बाकीच राहिली होती. ती मागायला ते परत गेले नाहीत.

जय भीम!